वेबसाइटचे विरजण

गेल्या रमजानच्या तोंडावर आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट उघडेनाशी झाली. पत्ता टाकला की कुठल्या तरी भलत्याच जाहिराती दिसत. आधी वाटले, आपल्याच फोनचे नेटवर्क गंडले असेल. मग पुण्याहून, मुंब्र्याहून फोन येऊ लागले, "सर, वाचनालयाच्या नावावर हे काय उघडतंय?"

ही वेबसाइट सहा वर्षांपूर्वी गावातल्याच एका हुशार मुलाने हौसेने बनवून दिली होती. एक पैसाही घेतला नव्हता. पुढे तो नोकरीसाठी आखातात गेला. वेबसाइटचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते त्याच्या खाजगी ईमेलवर नोंदवलेले. डोमेन कायमचे विकत मिळत नाही, ते मुदतीने मिळते आणि मुदत संपली की पुन्हा पैसे भरावे लागतात. त्याची आठवण करून देणारी पत्रे त्या ईमेलवर जात राहिली. आम्ही त्याला फोन लावला. बिचारा ओशाळून म्हणाला, "सर, तो ईमेल मी कधीच सोडला. पासवर्ड जुन्या फोनमध्ये होता, तो फोनही आता नाही."

त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मशिदीच्या टाकीच्या मोटारीची किल्ली कोणाकडे असते हे मोहल्ल्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. वेबसाइटची किल्ली कोणाकडे आहे, हे सहा वर्षांत ट्रस्टच्या एकाही माणसाने विचारले नाही. आम्हीही त्या ट्रस्टवर आहोत.

गेले काय? सुमारे अकराशे पुस्तकांची यादी, निम्मी उर्दू, निम्मी मराठी. त्यात आजोबा-पणजोबांनी मुंबईहून गलबतातून आणलेली काही पुस्तके, कोणी कोणाच्या इसाले-सवाबसाठी कोणते पुस्तक दिले त्या नोंदी. आणि गावातल्या सात म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, ज्या मुलांनी घरोघर जाऊन लिहून घेतल्या होत्या. त्या सातांपैकी चार आज हयात नाहीत. इंटरनेट आर्काइव्ह नावाची अमेरिकेतली एक संस्था १९९६ पासून जगभरच्या वेबसाइटांच्या प्रती साठवून ठेवते. तिच्या वेबॅक मशीनवर आम्ही जुना पत्ता टाकून पाहिला. मुखपृष्ठ मिळाले आणि दोन आठवणी मिळाल्या. बाकीच्या पाच नाही मिळाल्या. इन्ना लिल्लाह म्हटले आणि नव्याने सुरुवात करायची ठरवली.

उन्हाळ्याची सुट्टी होती. बारावीची परीक्षा देऊन आमची भाची आली होती. तिच्या हाती जुना लॅपटॉप दिला आणि सांगितले, आता बनवायची ती वेबसाइट अशी, की उद्या तू सासरी गेलीस आणि आम्ही निवृत्त झालो, तरी तिसऱ्या कोणाला ती चालवता यावी. ती म्हणाली, "मामू, मग आधी डोमेन घेऊया." आम्ही म्हणालो, आधी काहीच विकत घ्यायचे नाही. आधी विरजण तयार करू.

विरजण म्हणजे काय ते घरोघरी सांगायला नको. चमचाभर चांगले दही असले की हंडाभर लागते, आणि शेजारणीलाही वाटीतून देता येते. वेबसाइटचेही तसेच करता येते. एक छोटीशी, नेटकी, रिकामी वेबसाइट घरच्या संगणकावर आधी तयार करायची. ती मनासारखी झाली की तिची प्रत इंटरनेटवर चढवायची. पुढे मदरशाला हवी, शाळेला हवी, जमातीला हवी, तर त्याच कोऱ्या प्रतीवरून त्यांची करून द्यायची.

पूर्वी वेबसाइटचे प्रत्येक पान हाताने लिहावे लागे आणि एक शब्द बदलायचा तरी जाणकार माणूस शोधावा लागे. आता आशय व्यवस्थापन प्रणाली असतात. मजकूर एका जागी साठवतात, दिसण्याची मांडणी दुसऱ्या जागी. कपाट तेच, पुस्तके बदलायची, असा हा प्रकार. लिहिणाऱ्याला फक्त शीर्षक आणि मजकूर भरून प्रसिद्ध करा हे बटण दाबायचे असते. वर्डप्रेस, जुमला आणि द्रुपल ही त्यातली तीन जुनी, मोफत आणि मोकळी नावे.

जुमला हे नाव ऐकून वाचकांना आपल्या उर्दूतला जुमला आठवला असेल, तर ते बरोबरच आहे. २००५ साली हे नाव ठेवणाऱ्यांनी ते स्वाहिली भाषेतून घेतले, अर्थ 'सर्व मिळून'. स्वाहिलीत तो शब्द अरबीतूनच गेला. आपल्या प्रत्येक उर्दू पुस्तकाच्या आतल्या पानावर 'जुमला हुकूक महफूज' असे छापलेले असते, सर्व हक्क राखून. मौज अशी की, हे जुमला आणि बाकीच्या दोन्ही प्रणाली ज्या परवान्याखाली मिळतात तो याच्या अगदी उलट आहे. वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या. अट एवढीच की, पुढे द्याल तेव्हा घेणाऱ्यालाही हेच हक्क मिळाले पाहिजेत.

आम्ही वर्डप्रेस निवडले. कारण साधे, गावात ते जाणणारी दोन-तीन मुले आहेत. पण त्याच्या जन्माची हकिकत वाचली तेव्हा आम्ही थोडा वेळ गप्पच झालो. बी-टू नावाचे एक सॉफ्टवेअर होते, मिशेल वाल्द्रीगी यांनी लिहिलेले. काही काळाने त्यांचे काम थांबले आणि त्यांच्याकडून काही कळेनासे झाले. वापरणारे अडचणीत. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या मॅट मलेनवेग या एकोणीस वर्षांच्या तरुणाने जाहीरपणे लिहिले की, हे काम पुढे न्यावे असे मनात आहे. इंग्लंडहून माइक लिटल यांनी कळवले, मी सोबत येतो. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. मूळ माणूस नाहीसा झाल्यावरही काम चालू राहिले, कारण परवाना मोकळा होता आणि सगळा मूळ मजकूर सर्वांच्या हाती होता. आमच्या वाचनालयाचाही मूळ माणूस लांब गेला होता, पण आमच्या हाती काहीच नव्हते.

असो. आता प्रत्यक्ष काम.

वेबसाइट घरच्या संगणकावर चालवायची तर त्या संगणकाला थोड्या वेळापुरते सर्व्हर व्हावे लागते. त्यासाठी झॅम्प नावाचा मोफत संच आहे. त्यात पाने पाठवणारा अपाचे, मजकूर साठवणारा मारिया-डीबी आणि पीएचपी ही भाषा एकत्र मिळते. विंडोजवर तो थेट सी ड्राइव्हमध्ये बसवावा. प्रोग्राम फाइल्समध्ये बसवला की परवानग्यांच्या कटकटी सुरू होतात. मग त्याच्या फलकावरून अपाचे आणि माय-एसक्यूएल ही दोन बटणे दाबायची, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट असे लिहायचे, की स्वागताचे पान दिसते. इंटरनेट बंद असले तरी चालते. आमच्याकडे पावसाळ्यात चार-चार दिवस नेट नसते, त्यामुळे ही मोठीच सोय.

वर्डप्रेसवाले मोठ्या अभिमानाने 'पाच मिनिटांत उभारणी' म्हणतात. आम्हाला असरपासून इशापर्यंतचा वेळ लागला. अपाचे सुरूच होईना. लाल अक्षरांत तक्रार येई. कारण ८० क्रमांकाचे पोर्ट दुसऱ्याच एका प्रोग्रामने अडवले होते. भाचीने अपाचेच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ८० च्या जागी ८०८० केले आणि पत्त्यातही लोकलहोस्टपुढे विसर्गासारखी दोन टिंबे देऊन ८०८० लिहिले. लगेच चालू झाले. वाचकांपैकी कोणी हे करून पाहिले आणि अडले, तर आधी इथेच पाहावे.

पुढे पीएचपी-माय-ॲडमिन या पानावर जाऊन मजकुरासाठी एक रिकामा डेटाबेस तयार करायचा. इथे एक यादी उघडते, त्यात यूटीएफ-८ एमबी-४ ने सुरू होणारा पर्याय निवडावा. मराठी, उर्दू, अरबी आणि हल्लीची हसरी-रडकी चित्रचिन्हे, सगळे त्यात मावते. मग वर्डप्रेसची गाठोडी फाइल सोडवून एचटीडॉक्स या फोल्डरमध्ये ठेवायची आणि ब्राउझरमधून तो पत्ता उघडायचा. पहिलाच प्रश्न भाषेचा. यादीत मराठीही आहे, उर्दूही आहे. आम्ही मराठी घेतली. डेटाबेसचे नाव, वापरकर्ता 'रूट', पासवर्ड रिकामा. हा रिकामा पासवर्ड फक्त घरच्या संगणकापुरता. इंटरनेटवर असे ठेवणे म्हणजे दार सताड उघडे टाकून हजला जाणे. शेवटी वेबसाइटचे नाव आणि व्यवस्थापकाचे खाते. खात्याचे नाव 'ॲडमिन' ठेवू नये, घरफोडी करणारे तेच नाव आधी चालवून पाहतात.

झाले. आता खरी परीक्षा, म्हणजे मोह आवरणे. भाचीने पहिल्या तीन दिवसांत नऊ थीम बदलून पाहिल्या आणि चौदा प्लगइन चढवले. एक सरकणाऱ्या चित्रांचे, एक बर्फ पडण्याचे. "कोकणात बर्फ कशाला?" असे आम्ही विचारल्यावर ते गेले. विरजणात आंबट, तुरट काही पडू द्यायचे नसते. शेवटी वर्डप्रेससोबत येणारी वर्षाच्या नावाची साधी थीमच ठेवली आणि प्लगइन तीनच. एक बॅकअपचे, एक सुरक्षेचे, एक संपर्क अर्जाचे. प्रत्येक प्लगइन हा घरात ठेवलेला एकेक भाडेकरू आहे, त्याची देखभाल करावी लागते.

सोबत येणारा नमुन्याचा लेख, नमुन्याचे पान, नमुन्याची प्रतिक्रिया काढून टाकली. वेळ कोलकात्याची केली, नाही तर लेखाखाली ग्रिनिचची वेळ येते. मग पत्त्याची रचना. वर्डप्रेस शीर्षकावरूनच पानाचा पत्ता बनवतो. शीर्षक मराठीत असले की देवनागरीचे एकेक चिन्ह पत्त्यात नऊ रोमन चिन्हांचे होते आणि एकूण मर्यादा दोनशेची. म्हणजे बावीसएक चिन्हांनंतर पत्ता तुटतो, आणि व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची माळ दिसते. त्यासाठी शीर्षक मराठीत ठेवावे, पण पत्त्याच्या चौकटीत दोन-तीन रोमन शब्द स्वतः लिहावेत.

उर्दूने आमचा सर्वांत जास्त वेळ घेतला. सुदैवाने ग्रंथपाल चाचांकडे उर्दू पुस्तकांच्या यादीची जुनी सीडी निघाली. पण ती इनपेजमध्ये टाइप केलेली. तिथून उचलून वेबसाइटवर चिकटवली की अगम्य खुणांचा सडा पडतो. श्रीलिपीतल्या जुन्या मराठी मजकुराचे तेच होते. दोन्ही आधी युनिकोडमध्ये बदलावे लागतात. बदलणारी साधने मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. मराठीत 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो. उर्दूत तर त्याहून छुपा घोळ आहे. अरबी काफ आणि उर्दू काफ दिसायला जवळपास सारखे, संगणकाच्या लेखी मात्र दोन वेगळी अक्षरे. ये या अक्षराचेही तसेच. पुस्तक यादीत डोळ्यांना दिसते, पण शोधाच्या चौकटीत 'किताब' लिहिले तर सापडत नाही. आमच्या एका संध्याकाळी चाचांनी शोधले, काही मिळाले नाही आणि ते म्हणाले, "मी स्वतः लिहिलंय, आहे ते." त्यांचे बरोबर होते. सगळी यादी पुन्हा तपासून अक्षरे एकसारखी केली.

उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे चालला पाहिजे आणि नस्तालीकमध्ये दिसला पाहिजे. नोटो नस्तालीक उर्दू हा मोफत फाँट आम्ही वापरला. नस्तालीकची अक्षरे तिरपी खाली उतरत जातात, म्हणून ओळींतले अंतर मराठीपेक्षा बरेच जास्त ठेवावे लागते, नाही तर वरच्या ओळीची शेपटी खालच्या ओळीच्या डोक्यावर आदळते. हे प्रत्येक लेखात वेगळे करायचे नाही. मांडणीच्या नियमांत 'उर्दू' नावाचा एक गट करून दिशा, फाँट आणि अंतर एकदाच लिहून ठेवले. आता ज्या परिच्छेदाला ते नाव द्याल तो आपोआप उजवीकडे वळतो. आमच्या विरजणातला हाच भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. तयार थीममध्ये मराठीच्या शेजारी सुखाने नांदणारी उर्दू सहसा मिळत नाही.

पाने पाचच केली. परिचय, पुस्तकांची यादी, आठवणी, सूचना, संपर्क. लिहिणाऱ्यांचे हक्क वर्डप्रेसच्या स्वतःच्या दर्जांप्रमाणे वाटले. नववी-दहावीच्या मुलींना लिहिता येते पण प्रसिद्ध करता येत नाही. चाचा संपादक, ते वाचून प्रसिद्ध करतात. व्यवस्थापक दोन, एक भाची आणि एक आम्ही. खाती प्रत्येकाची स्वतंत्र. सर्वांनी मिळून एकच पासवर्ड वापरण्याची आपल्याकडे फार सवय आहे. मग कोणी काय बिघडवले ते कळत नाही आणि संशय गरिबावर जातो.

एका गोष्टीवरून मात्र ट्रस्टच्या बैठकीत आवाज चढले. काहींचे म्हणणे, ज्या मुलांना जकातीतून वह्या-पुस्तके आणि फी देतो त्यांची नावे आणि फोटो वेबसाइटवर टाकावेत, म्हणजे देणाऱ्यांना हिशेब दिसेल. हेतू वाईट नव्हता. आम्ही म्हणालो, हिशेब रकमांचा द्या, किती आले, किती गेले, कशावर गेले. नावे कशाला? घेणाऱ्याच्या घरी उद्या मुलीचे लग्न ठरवायला पाहुणे येतील आणि त्याआधी ते हे पान उघडून पाहतील. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची जबाबदारी आहे. हाजीसाहेब बराच वेळ ऐकत होते. मग एवढेच म्हणाले, "उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये म्हणतात, आणि आपण जगाला दाखवायला निघालो." विषय तिथेच मिटला.

तयार झालेल्या कोऱ्या वेबसाइटची प्रत ठेवताना दोन गोष्टी लागतात, हे विसरू नये. एक फाइलींचे फोल्डर, दुसरा डेटाबेस. लोक फोल्डर पेनड्राइव्हवर घेतात आणि निश्चिंत होतात. पण लिहिलेले सगळे असते डेटाबेसमध्ये. तो पीएचपी-माय-ॲडमिनमधून निर्यात करून वेगळा घ्यावा लागतो. नव्या जागी चढवताना जुना लोकलहोस्टचा पत्ता डेटाबेसमध्ये जागोजागी लिहिलेला असतो. तो हाताने बदलू नये, काही नोंदींत अक्षरांची संख्याही सोबत साठवलेली असते आणि ती चुकली की सेटिंग उडते. ड्युप्लिकेटरसारखी प्लगइन हे काम नीट करतात.

मदरशाने आमच्याकडून पहिली वाटी नेली. तेव्हा दोन चुका झाल्या, दोन्ही आमच्याच. भाचीचे खाते त्या प्रतीत तसेच राहिले, म्हणजे मदरशाच्या वेबसाइटची एक किल्ली नकळत आमच्या घरी राहिली. आता प्रत देण्याआधी नवे खाते करून जुनी पुसतो आणि सेटिंगच्या फाइलमधल्या गुप्त ओळीही नव्या करतो. दुसरी चूक जास्त लागली. काम चालू असताना, शोधयंत्रांनी ही वेबसाइट पाहू नये, अशी एक खूण आम्ही केली होती. तीही प्रतीसोबत गेली. प्रवेशाचे दिवस, अर्ज वेबसाइटवर, आणि महिनाभर गुगलवर मदरशाचे नाव शोधणाऱ्याला काहीच सापडत नव्हते. मौलाना साहेबांनी रागाचा एक शब्द काढला नाही, त्यामुळे आम्हालाच जास्त लाज वाटली.

आणि किल्ली. सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनमधली सर्वांत लांब आयत, आणि ती आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, लिहिणाऱ्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल. आपण ती पठण करतो आणि सगळे तोंडी ठरवतो. या वेळी ट्रस्टच्या नावाने ईमेल उघडला, ट्रस्टच्या नावाने सिमकार्ड घेतले, डोमेन त्यावर नोंदवले. डोमेन कोणाकडून घेतले, होस्टिंग कुठे आहे, पासवर्ड काय, प्रती कुठे ठेवल्या, हे एका कागदावर लिहून पाकीट बंद केले. त्यावर दोन विश्वस्तांच्या सह्या घेतल्या आणि ते लोखंडी कपाटात जमिनीच्या कागदांशेजारी ठेवले. नूतनीकरणाची तारीख वाचनालयाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली. चाचांनी ती हिजरी महिन्यात लिहिली होती. हिजरी वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणजे आपण लवकरच पैसे भरू, नुकसान काही नाही. तरी खाली इंग्रजी तारीखही घातली.

आखातातल्या त्या मुलाने मागच्या आठवड्यात स्वतः फोन केला. जुन्या लॅपटॉपची हार्डडिस्क त्याच्या आईने कपाटात जपून ठेवली आहे, असे त्याला आठवले. डिस्क मिळाली आहे. सुरू होत नाही, खरखर आवाज करते. चिपळूणला एक कारागीर आहे, त्याच्याकडे दिली आहे. तोपर्यंत चाचा जुन्या रजिस्टरवरून यादी वाचतात आणि मुली टाइप करतात. तिसऱ्या कपाटापर्यंत आलो आहोत.